पट्टीला गोठा, वर्गणीला उंबरा

ग्रामपंचायतीच्या दप्तरी मी राहते ती खोली गोठा आहे. तसा तो गोठा होताच. माझ्या घरमालकीणबाईंच्या सासऱ्यांच्या काळात तिथं दोन बैल आणि एक म्हैस बांधलेली असायची. मग हायवे रुंद झाला, रस्त्याकडेची जमीन गेली, तिच्यामागं जनावरंही गेली. मोकळ्या गोठ्यात शहाबादी फरशी बसवली, कोपऱ्यात मोरी काढली, पत्रे नवे घातले आणि खोली केली. गव्हाण मात्र पाडली नाही. तिच्यावर कडाप्पा टाकलाय, तोच माझा ओटा. भिंतीत दावं बांधायची लोखंडी कडी आहे, तिला माझी पिशवी अडकवलेली असते. दाराला उंबरा नाही. जनावरांच्या पायात येतो म्हणून गोठ्याला उंबरा करत नाहीत आणि खोली करताना तो करायचा राहूनच गेला. आतली फरशी सरळ अंगणात जाते. मी रोज सकाळी उंबऱ्याच्या जागी रांगोळीची एक रेघ ओढते. आत कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं, ते मला तरी कळावं म्हणून.

माझी खोली कागदावर गोठा कशी राहिली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. घरपट्टीची फेरआकारणी निघाली होती. कामथडीच्या पुढं हायवेला लागून असलेलं आमचं हे गाव आठ-दहा वर्षांत ओळखू येणार नाही इतकं वाढलं, असं सगळेच सांगतात. मी आले ती वाढलेल्या गावातच आले. तर पंचायतीची माणसं टेप घेऊन घरोघर फिरत होती. कुणाच्या किती खोल्या, पत्रा की स्लॅब, भाड्यानं दिल्यात का, ते मापून त्यावर नवी पट्टी बसणार होती. मालकीणबाईंना मी मावशी म्हणते. मावशी सकाळीच माझ्या दारात आल्या.

"पोरी, तुझं आंथरूण-पांघरूण माझ्याकडं आनून ठिव. भांड्यांवर पोतं टाक."

"का हो मावशी?"

"आगं, ह्यो गोठा हाय न्हवं? मापाय यायलेत. भाड्याची खोली म्हनलं की पट्टी चढती. मग मला तुझं भाडं चढवाय लागंल. व्हय का न्हाई?"

भाडं चढेल म्हटल्यावर मी लगेच आवरायला घेतलं. शेजारच्या घरून कडब्याच्या दोन पेंढ्या आणून आम्ही दारात टाकल्या. माणसं आली. त्यांत पंचायतीचा शिपाई होता. तो मला चांगला ओळखतो, कारण मी पंचायतीच्याच घंटागाडीवर काम करते. मी मावशींच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कडब्याकडं पाहिलं, जमिनीवरच्या रांगोळीच्या रेघेकडं पाहिलं. मग नाक वर करून वास घेतला. सकाळची वरणाची फोडणी मी नुकतीच दिली होती.

"मावशी, जनावर लई गुनाचं दिसतंय. लसणाची फोडनी बी घालतंय!"

"घालतंय तर! तुला काय दूध पायजे का त्याचं?"

शिपाई हसला, टेप गुंडाळली आणि गोठा लिहून पुढं गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, तुमी हितं कशा?" मी म्हटलं, "मावशींकडं आले होते बसायला." "बसा, बसा," म्हणाला.

मला मात्र पुढं कितीतरी दिवस धास्ती होती. पंचायतीनं कामावर ठेवलेली बाई पंचायतीपासून लपून राहते, हे कुणी वर सांगितलं तर? धास्ती हा माझा स्वभावच आहे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला पंखा फिरताना दिसला तरी वाटतं, पडतोय.

मी उदगीरकडची. शाळा सहावीत सुटली. सातवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि वाटेत नदी. पावसाळ्यात बापानं थांबवलं, पावसाळा संपल्यावर कुणी परत जा म्हटलं नाही. लग्न झालं ते पोकलेन चालवणाऱ्याशी. रस्त्याचं काम जिथं निघेल तिथं त्यांचं मशीन जातं आणि मशीनमागं ते. इकडच्या हायवेचं काम निघालं तेव्हा त्यांनी मला आणलं. काम संपलं, मशीन आंध्रात गेलं. मला म्हणाले, "तू थांब हितंच, मी बघतो तिकडं खोलीचं." तिकडच्या खोलीचं अजून बघूनच चाललंय. मुलगा गावी माझ्या सासूबाईंकडं, यंदा दहावीला. तिथं घर म्हणजे दीरांचं घर. मी परत गेले तर जेवायला कुणी नाही म्हणणार नाही, पण मुलाच्या क्लासचे आणि पुढं त्याला आयटीआयला घालायचे पैसे माझ्या या कामातून जातात. नवऱ्याला ठेकेदाराकडून पगार कधी येतो, कधी नाही. त्यामुळं घंटागाडी चालू राहणं म्हणजे माझं पोरगं शिकणं, इतकं सरळ ते होतं.

हे काम मला मिळालं त्याबद्दल या गावाचे उपकार मी विसरत नाही. कुणाच्या ओळखीची नाही, कुणाच्या भावकीतली नाही. नसरापूरच्या बाजारात मी वाटाण्याचा भाव विचारला की माझी बोली ऐकून भाजीवाली पलीकडच्या बाईला कोपरानं ढोसायची. अशा बाईला पंचायतीनं विचारलं, "गाडीवर येता का?" मी दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीसमोर उजाडायच्या आधी उभी होते.

गाडी चालवणारा हिर्डोशीचा. वरंधा घाटाकडं डोंगरात त्याचं गाव. बायको, पोरं तिकडंच. मी त्याला दादा म्हणते. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "कुठनं आलात?" मी म्हटलं, "उदगीरहून." "बापरे! मग तुमी लांबच्या लांबच्या. मी जवळचा लांबचा. यस्टी चुकली की मला बी घर तितकंच लांब." तो आठवड्यानं गावी जायचा आणि येताना नाचणीचं पीठ आणायचा, त्यातलं थोडं मला द्यायचा. मी ज्वारीची माणूस. नाचणीची भाकरी मला थापताच येईना, कडेनं तडकायची. मी ती तडकलेलीच खायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायची, "छान झाली होती."

सकाळी भोंग्यावरचं गाणं लावून गाडी निघायची. आधी गावठाण, मग कंपनीतल्या पोरांच्या चाळी, मग नवीन रो-हाऊस, आणि शेवटी टेकाडावरचे पुण्याच्या लोकांचे बंगले. ओला एकीकडं, सुका एकीकडं. डबे घ्यायचे, उपडे करायचे, परत द्यायचे. त्या तेवढ्या वेळात दिवसभराचं बोलणं व्हायचं. "कालचं लगीन कसं झालं?" "सून आली का माहेरून?" "ओ ताई, ह्यात माझा चमचा गेलाय, जरा बघा ना!" टेकाडावरच्या एका बंगल्यात एक म्हाताऱ्या बाई एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडं कचरा निघायचा तरी किती! पण गाण्याचा आवाज आला की त्या फाटकात येऊन थांबायच्या, ताटलीत केळ्याचं एक साल घेऊन. "आज एवढंच गं," म्हणायच्या आणि मग गुडघ्यांचं सांगायच्या. दादा गाडी बंद करायचा नाही, पण घाईही करायचा नाही. मला त्या बाईंचं कळायचं. माझ्याही खोलीवर दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी येत नसे. बाहेर हायवे एकसारखा वाहायचा, आत पत्रा तापायचा. मी भांडी घासायची, ती घासलेली परत घासायची. मुलाचा फोन आठवड्यातून दोनदा. बाकी दिवस मी कुणाशी बोलले असं आठवायला गेलं, तर ते सकाळच्या डब्यांमधलंच बोलणं आठवायचं.

तर ही फेरआकारणी झाली आणि पट्टीची नवी बिलं आली. गावात गोंधळ उडाला. यात खोटं काही नव्हतं. जुन्या गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांची मातीची घरं, पण हायवेमुळं जागेची किंमत वाढलेली, म्हणून त्यांचीही पट्टी वाढली. झेंडावंदनाच्या दिवशीच्या ग्रामसभेला शाळेच्या व्हरांड्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. मी दादाबरोबर कडेला खांबाला टेकून उभी होते. माझं मत तिकडं, माझ्या गावच्या यादीत, त्यामुळं हात वर करायचा प्रश्नच नव्हता.

एक बाबा उठले. "आमी शेनानं सारवलेल्या घरात ऱ्हातो. पुन्याच्या बंगल्याला जी पट्टी, तीच आमाला? ह्यो कुठला न्याय?"

रो-हाऊसमधला एक जण म्हणाला, "आम्ही सोसायटीला मेंटेनन्स भरतो. परत पंचायतीला कशाला?"

सरपंचबाई वयानं माझ्यापेक्षा लहान, नव्यानं निवडून आलेल्या. पट्टी कमी करू असं त्यांनी निवडणुकीत सांगितलं होतं आणि त्या शब्दाला जागल्या. म्हणाल्या, "गाव वाढतंय. रोज नवीन घर उभं ऱ्हातंय. दर कमी केला तरी घरं जास्त झाल्यावर गल्ला भरंलच की!"

ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब बसल्या जागेवरून हळूच म्हणाले, "नवीन घरं निम्मी अजून नोंदीलाच नाहीत. दर एवढा खाली आणला तर पाणी, दिवाबत्ती, गाडी, यांतलं काहीतरी आखडावं लागेल."

मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, तुमचा पगार तर सरकार देतंय न्हवं? मग तुमी का भ्याता?"

व्हरांडाभर हशा झाला. कायद्यात जितकी खाली आणता येईल तितकी पट्टी आणायची, असं ठरलं. हात वर झाले. मावशींचा हात सगळ्यांत वर होता. त्या संध्याकाळी फटाके वाजले, गुलाल उधळला, पेढे वाटले. मावशींनी मला दोन पेढे आणून दिले आणि म्हणाल्या, "आता तुझं भाडं दोन वर्सं जाग्यावर." मला खरंच आनंद झाला. एक पेढा मी गव्हाणीवरच्या देवापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा शाळेपासून देवळापर्यंत सगळा रस्ता फटाक्यांच्या कागदांनी लाल झालेला, त्यात पेढ्यांचे रिकामे खोके. झाडू मारता मारता दादा म्हणाला, "बघा, पट्टी कमी झाली त्याचा कचरा बी आपल्यालाच उचलायला!" आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

दिवाळीपर्यंत काही जाणवलं नाही. दिवाळीनंतर डिझेलला पैसे नाहीत म्हणून गाडी एक दिवसाआड झाली. रो-हाऊसमधली लोकं कुरकुरली. त्यांच्याकडंच कचरा सगळ्यांत जास्त: खोके, बाटल्या, पार्सलचे डबे. त्यांच्यातली बरीच घरं नोंदीला नसल्यानं त्यांच्याकडनं पट्टी येतच नव्हती आणि नोंदी करून घ्यायला पंचायतीत माणूस नव्हता, कारण माणूस ठेवायला पैसे नव्हते. दादा म्हणायचा, "घरं वाढली ती आपल्या गाडीत वाढली, गल्ल्यात न्हाई."

संक्रांतीनंतर गाडी आठवड्यातून एकदाच जायला लागली. भोंगा बिघडला, तो दुरुस्त झाला नाही. मग दादा खिडकीतून हात काढून पत्र्यावर थापा मारायचा. आवाज सगळ्यांपर्यंत जायचा नाही. लोकांनी वाट तरी किती बघायची? कुणी घरामागं जाळायला लागलं, कुणी येताजाता ओढ्यात टाकायला लागलं. गावाच्या खालच्या अंगाला देवळाकडं जाणारा रस्ता ओढ्याच्या कडेनंच जातो. तिथं कुत्री जमायला लागली, कावळे जमायला लागले. उन्हाचा कडाका वाढला तसा वासही वाढला.

ज्या दिवशी गाडी नसायची त्या दिवशीही मला पहाटेच जाग यायची. रेघ ओढायची, डोक्याला फडकं बांधायची, मग आठवायचं, आज नाही. फडकं सोडून घडी घालून कडीला अडकवायची. मग काय करायचं? एकदा मी तशीच चालत टेकाडापर्यंत गेले. त्या बंगल्यातल्या बाई फाटकात नव्हत्या. मी फाटकाबाहेर थोडी उभी राहिले. गाडीशिवाय मी कोण, कशाला आले, हे मला सांगता आलं नसतं. वारा स्वच्छ होता, लांबवर राजगड दिसत होता. शनिवार असल्यानं गडाच्या पायथ्याच्या पालीकडं जाणाऱ्या गाड्या खाली रस्त्यावर दिसत होत्या, टपावर बॅगा बांधलेल्या. सगळी कुठंतरी चाललेली. मी परत आले.

मार्च लागला तसं सरपंचबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. "ताई, राग मानू नका. पाडव्यापासून एकाच मानसाचा पगार निघंल. गाडी तर चालवायला पायजेच, म्हंजी दादांना ठेवावं लागंल. पुढं बघू, गल्ला सुधारला की तुमाला परत बोलवू."

मी म्हटलं, "इतके दिवस ठेवलंत, हेच लई झालं." मला तेच सुचलं आणि ते खरंही होतं. दादा शेजारी उभा होता, खाली बघत. बाहेर आल्यावर त्यानं गाडीची काच उगाच पुसली. मग म्हणाला, "मी काय बोलनार हुतो, ताई? मला बी घर हाय."

"अहो, कळतंय मला," म्हटलं. कळत होतंच.

घरी सांगितलं नाही. मुलाची परीक्षा चालू होती. मुलाच्या बाबांना फोन केला तर म्हणाले, "काय करूलालीस?" मी म्हटलं, "काही नाही, भाकरी करूलाले." पलीकडं मशीनचा आवाज येत होता. पाडव्यानंतर खोली सोडून गावी जायचं, मुलाचं आयटीआयचं राहील, असं मी मनातल्या मनात सगळं लावून ठेवलं. काय न्यायचं, काय मावशींना द्यायचं तेही ठरवलं. रांगोळीचा डबा मावशींना द्यायचा ठरवला होता.

आता या गावाचं एक सांगते. इथं चैत्रात ग्रामदैवताची यात्रा असते. लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, पाव्हणे येतात, पालखी निघते, कुस्त्या होतात. त्यासाठी वर्गणी काढतात. ती माणसामागं नाही, उंबऱ्यामागं. एका घराला एक उंबरा, तितकी वर्गणी. आणि यात्रेच्या संध्याकाळी ती भोंग्यावर वाचून दाखवतात. अमुक आळीतले अमुक यांच्याकडून इतके. कुणाचं नाव आलं नाही तर ते सगळ्या गावाला कळतं, आलेल्या पाव्हण्यांनाही कळतं. म्हणून वर्गणी कुणी बुडवत नाही. घरपट्टीसाठी वर्षभर पंचायतीला हेलपाटे मारायला लावणारा माणूस वर्गणीवाले दिसले की खिशात हात घालून उभा राहतो. दादा म्हणायचा, "पट्टी भोंग्यावर वाचली असती ना, तर गाव सोन्याचं झालं असतं."

या वर्षी पाडव्याच्या आधी यात्रेची बैठक देवळात भरली. मी तिथं नव्हते. मावशी येऊन सांगायला लागल्या, त्यावरून मला कळलं. कुणीतरी म्हणालं, पालखी ओढ्याच्या कडेनं न्यायची कशी? नाकाला पदर लावून? दुसरा म्हणाला, माझ्या थोरल्या लेकीचे सासरे पहिल्यांदाच येणारेत, त्यांना हे दाखवू का? आतापर्यंत कचऱ्याचा त्रास होता. आता लाज वाटायला लागली. मग ठरलं की यंदा वर्गणी जास्त काढायची आणि त्यातून आधी ओढा साफ करायचा, गाडीला डिझेल घालायचं आणि गाडीवर दोन्ही माणसं ठेवायची. किती दिवस? पैसे पुरतील तितके.

"दोनी मानसं म्हंजी?" मी विचारलं.

"म्हंजी तू आन् त्यो हिर्डोशीचा. आजून कोन?" मावशी म्हणाल्या. "आगं, रडती कशाला? म्या काय मेल्याची बातमी आनलीय व्हय?"

मी रडत नव्हते. पण मावशींना तसं वाटलं खरं.

वर्गणीवाले आमच्या आळीत आले ते दुपारी. चार-पाच तरुण पोरं आणि पावतीपुस्तक घेऊन तोच पंचायतीचा शिपाई. मावशींनी लगेच पैसे दिले. पट्टीत वाचलेले सगळे गेले असतील, वर आणखी काही. त्यांनी ते मोजलेही नाहीत. पोरं वळली आणि पुढच्या दाराकडं निघाली. माझ्या दाराकडं कुणी पाहिलंही नाही. तसं पाहण्याचं कारणही नव्हतं. चाळीतल्या, भाड्याच्या खोल्यांतल्या कुणाकडंच ते जात नव्हते.

मला काय झालं माहीत नाही. मी आत गेले, कडीवरच्या पिशवीतून पैसे काढले आणि अंगणात आले. "माझी पण घ्या," म्हटलं.

पोरं थांबली. एक म्हणाला, "ताई, तुमची कशाला? भाडेकरूंची घेत न्हाई आमी."

"गाडीचं आहे ना त्यात."

"आवो, गाडीचं म्हंजी तुमचाच पगार की त्यो! तुमच्याकडनंच घ्यायचा आन् तुमालाच द्यायचा व्हय?" सगळी हसली. मीही हसले, पण हात मागं घेतला नाही. मला परत आत जाता येईना.

दुसरा पोरगा खाली बघत म्हणाला, "आन् वर्गनी उंबऱ्यामागं हाय. हितं उंबराच कुठाय?"

तो खोटं बोलत नव्हता. फरशी सरळ अंगणात गेलेली होती. त्याचा पाय माझ्या रेघेवर होता.

मावशी त्यांच्या दारातून कडाडल्या. "पाय काढ तितनं आधी! रोज रांगोळी काढती ती, काय म्हशीसाठी काढती? माझ्या घराला दोन उंबरं हायत. एक माझा, एक हिचा. लिव."

शिपायानं पावतीपुस्तकातून मान वर केली. त्याचे डोळे हसत होते. "मावशी, पट्टीला तर गोठा हाय."

"पट्टीला गोठा हाय. वर्गनीला उंबरा हाय. लिव म्हनते ना!"

"मंग पुढच्या मापाला काय लिवायचं?"

"पुढच्या मापाचं पुढच्या मापाला. तवा बगू. तू आत्ताचं लिव."

पोरं आता मनापासून हसत होती. शिपायानं माझे पैसे घेतले आणि पावती फाडली. नाव विचारलं नाही. "समदी 'गाडीवरच्या ताई'च म्हनत्यात, तसंच लिवतो," म्हणाला. मला चाललं. मी पावती घडी करून गव्हाणीवर देवाच्या मागं ठेवली.

पाडव्यानंतर आम्ही ओढा उपसायला घेतला. गावातली पोरं खोरी घेऊन उतरली होती, आम्ही गाड्या भरून नेत होतो. काय काय निघालं त्यातून! रो-हाऊसवाल्यांच्या खोक्यांवर त्यांचे पत्ते होते, गावठाणातल्या पिशव्यांवर दुकानांची नावं. कुणाचं काय ते मी ओळखत होते, पण बोलले नाही. गाडी परत एक दिवसाआड निघाली. भोंगा दुरुस्त झाला. टेकाडावरच्या बाई फाटकात आल्या आणि मला म्हणाल्या, "कुठं होतीस गं इतके दिवस?" त्यांच्या ताटलीत त्या दिवशी दोन सालं होती.

वर्गणीचे पैसे दिवाळीपर्यंत पुरतील असा अंदाज आहे. पुढचं कुणालाच सांगता येत नाही. पट्टी परत वाढवायचं नाव सरपंचबाई काढत नाहीत, काढतील असं वाटतही नाही. दर वर्षी ओढा घाण होऊन लोकांना लाज वाटेल आणि मग वर्गणी निघेल, यावर माझ्या मुलाचं शिक्षण उभं आहे, हे मला कळतं. त्याची धास्ती आहेच. पण आयटीआयचा फॉर्म भरलाय.

यात्रेच्या संध्याकाळी देवळापुढं पोलापोलावर दिवे लावले होते. पालखी ओढ्याच्या कडेनं आली आणि कुणी नाकाला पदर लावला नाही. मग वर्गणी वाचायला सुरुवात झाली. एकेक आळी, एकेक नाव. आमची आळी आली तसं मी मुलाला फोन लावला आणि मोबाईल भोंग्याच्या दिशेनं वर धरला. मावशींचं नाव आलं. मग वाचणारा जरा अडखळला आणि म्हणाला, "गाडीवरच्या ताई, यांच्याकडून." पुढं रक्कम. माझ्या आसपास उभ्या असलेल्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं.

मी मोबाईल कानाला लावला. "ऐकलास का?"

"काहीच ऐकू यीना गेलंय, माय. नुसता भोंगा वाजूलालाय."

"काही नाही. इथली जत्रा आहे."

"कुणासंगं गेलीस जत्रंला?"

मावशींच्या घरी लेकी-जावई आले होते. त्या त्यांच्यात होत्या. दादा यात्रेची सुट्टी म्हणून हिर्डोशीला गेला होता. मी म्हटलं, "गाडीवरच्या सगळ्यांसंगं."

गाडीवर आम्ही दोघंच असतो, हे त्याला मी कधी सांगितलेलं नव्हतं. "बरं, मज्जा कर," म्हणाला आणि फोन ठेवला. वाचणं अजून चालू होतं. पुढच्या आळीची नावं होती, त्यांतली पुष्कळ मला त्यांच्या डब्यांवरून ठाऊक. यादी संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.